सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग पोट का दुखतं?

भाऊ, तुमचा प्रश्न लांबलचक आहे. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चोपड्याकडचे, एसटीत वाहक. तीन वर्षांपूर्वी एका लग्नातल्या जेवणानंतर जुलाब-उलट्या होऊन सलाईन लावावं लागलं, आणि तेव्हापासून पोट पहिल्यासारखं झालंच नाही. बेंबीखाली डाव्या बाजूला मुरडा येतो, संडासला जाऊन आलं की थोडा वेळ बरं वाटतं, दिवसातून तीन-चार वेळा पातळ होतं. रक्त, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी आयबीएसचं (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम: आतड्यात व्रण-गाठ काही न सापडता पोट दुखत राहणं आणि संडासचं तंत्र बिघडणं) निदान केलं आणि रात्री घ्यायला अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम लिहून दिली. मेडिकलवाला म्हणाला, ही तर डिप्रेशनची गोळी, म्हणून तुम्ही ती घेतलीच नाही. घरचे म्हणतात, मनाचं आहे. आता तुम्ही विचारताय की पुण्याला जाऊन कोलोनोस्कोपी परत करावी का, आणि शेवभाजी, भरीत, वरण-बट्टी कायमची बंद करावी का.

मी जळगावात बरीच वर्षं पोटाच्या विकारांचीच प्रॅक्टिस करतोय. प्लास्टिकच्या पिशवीतून फाइल काढून टेबलावर ठेवत लोक जे विचारतात, तेच तुमच्या पत्राच्या मुळाशी आहे: ‘बठ्ठा रिपोर्ट चांगला शेतस, मंग पोट कसाले दुखस?’ याचं उत्तर नीट कळलं की गोळी, जेवण आणि पुणे हे तिन्ही प्रश्न बरेचसे सुटतात. म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

कोलोनोस्कोपीत आतड्याची आतली बाजू दिसते. व्रण, सूज, गाठ, रक्त येणारी जागा असली तर सापडते. पण आतड्यातून मणक्याकडे आणि मणक्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसा किती जोरात निरोप पाठवताहेत, हे कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. तुमचा बिघाड तिथे आहे. शेतातल्या मोटरचं उदाहरण घ्या. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले चुकून खूप खाली सेट झाला असेल, तर मोटर नेहमीचाच लोड घेत असतानाही ट्रिप होते. कितीही वेळा मोटर खोलून रिवाइंडिंग केलं तरी ती ट्रिप होतच राहणार, कारण मोटरमध्ये काही खराबी नाहीच. तुमच्या पोटाचा रिले त्या जुलाबांनंतर खाली आला आहे.

आतड्याला कळतं काय, हेही जरा विचित्रच आहे. कोलोनोस्कोपी करताना आम्ही आतल्या अस्तराचा तुकडा चिमट्याने तोडून घेतो, पेशंटला ते कळतही नाही. पण तेवढ्याच वेळात हवा भरून आतडं फुगवलं की तो कळवळतो. आतड्याला मुख्यतः ताण कळतो, फुगणं कळतं. गॅस, मल, जेवणानंतरच्या लाटा यांचा ताण तर रोजचाच असतो. निरोगी माणसाला त्यातला बहुतेक भाग जाणवतच नाही. तुम्हाला तो दुखणं म्हणून जाणवतो.

हे नुसतं सांगण्यापुरतं नाही. १९७३ साली इंग्लंडमध्ये रिची नावाच्या संशोधकाने मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला. ६० मिलिलिटर हवेला निरोगी लोकांपैकी अगदी थोड्यांना दुखलं. आताच्या भाषेत ज्यांना आयबीएस म्हणू, अशांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना दुखलं. पुढे २०१७ मध्ये नॉटिंगहॅमच्या लोकांनी एमआरआय वापरून आणखी सोपी गोष्ट दाखवली. आयबीएसवाल्यांना आणि निरोगी लोकांना त्यांनी गॅस करणारा एकच पदार्थ दिला. आतड्यात साठलेला गॅस दोघांत साधारण सारखाच निघाला, त्रास मात्र आयबीएसवाल्यांनाच जास्त झाला. ‘डॉक्टर, मला गॅस फार होतो’ असं म्हणणाऱ्या माझ्या अर्ध्या पेशंटना हे सांगावं लागतं. गॅस इतरांएवढाच होतो, तुम्हाला तो जास्त कळतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही वाढलेली संवेदना आयबीएसच्या प्रत्येक पेशंटमध्ये सापडत नाही. काहींत मुख्य भानगड आतड्याच्या गतीची असते, काहींत पित्तरस जास्त उतरण्याची, काहींना फक्त दूध पचत नसतं. फुगा फुगवून मोजण्याचं यंत्र संशोधनापुरतं असतं, जळगावात काय किंवा पुण्यात काय, रोजच्या तपासणीत ते कोणी वापरत नाही. म्हणून आम्ही लक्षणांवरून अंदाज बांधतो. तुमच्या बाबतीत अंदाज पक्का वाटतो, कारण सुरुवात आतड्याच्या इन्फेक्शनने झाली, थोडंसं खाल्लं तरी दुखतं, आणि तुम्ही लिहिलंय की पँटचा पट्टा आवळला तरी सहन होत नाही. ही शेवटची खूण मला महत्त्वाची वाटते. साधा स्पर्शसुद्धा दुखणं म्हणून पोचायला लागला, असा त्याचा अर्थ.

तरी तुम्ही समोर असता तर मी एक गोष्ट केलीच असती. तुम्हाला आडवं झोपवून दुखरी जागा एका बोटाने दाबून धरायची, दोन्ही हात छातीवर घ्यायला सांगायचं आणि मान-खांदे उचलायला लावायचे. पोट ताठ झाल्यावर बोटाखालचं दुखणं वाढलं, तर ते आतड्याचं नसून पोटाच्या भिंतीतलं, तिथे अडकलेल्या नसेचं किंवा स्नायूचं असण्याची शक्यता जास्त. अशा लोकांना वर्षानुवर्षं आयबीएसच्या गोळ्या खाताना मी बघितलंय. अर्ध्या मिनिटाची तपासणी आहे, फुकट आहे. तुमच्या डॉक्टरांना करायला सांगा.

आता रिले खाली का आला? जुलाबाच्या जंतूंनी आतड्याच्या अस्तराला सूज आणली. जंतू गेले, सूजही उतरली, पण अस्तरातल्या मास्ट पेशी (रोगप्रतिकाराच्या पेशी) नसांच्या अगदी शेजारी ठाण मांडून बसल्या आणि हिस्टामिनसारखी रसायनं सोडत राहिल्या. त्यामुळे नसांची टोकं चेतलेलीच राहतात. आतड्याच्या इन्फेक्शननंतर साधारण दहातल्या एकाला असा आयबीएस मागे राहतो. २००० साली कॅनडातल्या वॉकर्टन गावात पिण्याचं पाणी दूषित होऊन दोन हजारांहून जास्त लोक आजारी पडले, त्यांचा पुढे कित्येक वर्षं पाठपुरावा झाला, त्यातही इन्फेक्शननंतर आयबीएस मागे राहिलेला दिसला. २०२१ मध्ये बेल्जियमच्या ल्यूवेन विद्यापीठाने पुढचा दुवा जोडला. इन्फेक्शनच्या काळात पोटात जे अन्न असतं, त्याच्याविरुद्ध आतड्यापुरती अ‍ॅलर्जीसारखी प्रतिक्रिया तयार होऊ शकते. रक्ताच्या आणि त्वचेच्या अ‍ॅलर्जी टेस्टमध्ये ती सापडत नाही. मुख्य काम उंदरांवरचं आहे, माणसांत फक्त छोटा अभ्यास झालाय, त्यामुळे त्यावर अजून उपचार बेतता येत नाहीत. पण ‘लग्नातल्या त्या जेवणानंतर गहू मला सोसतच नाही’ असं म्हणणाऱ्याला वेड्यात काढू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

याच्या वर आणखी दोन मजले आहेत. मणक्यातल्या पेशींना सतत निरोप येत राहिले की त्या लहान निरोपही मोठा करून पुढे पाठवायला लागतात. पोटाबरोबर कंबर दुखणं, वारंवार लघवीला जावंसं वाटणं हे त्यातूनही येतं, कारण मूत्राशयाच्या आणि आतड्याच्या नसा मणक्यात एकाच शेजारात उतरतात. सगळ्यात वर मेंदू. तो खालून आलेले निरोप नुसते ऐकत नाही, त्यातले बरेच वाटेतच दाबून टाकतो. झोप मोडली, काळजी वाढली, किंवा ‘आता अडावदपर्यंत संडास मिळणार नाही’ ही धास्ती मनात बसली, की हे दाबणं सैल पडतं. तुमच्या नोकरीत तिन्ही गोष्टी आहेत. पहाटेची ड्यूटी, मुक्कामी गाडी, आणि भरल्या गाडीत तिकिटं फाडताना अर्धं लक्ष पोटाकडे.

म्हणून ‘मनाचं आहे’ हे घरच्यांचं म्हणणं अर्धवट आहे. मन दुखणं तयार करत नाही, पण आलेलं दुखणं किती मोठं ऐकू येईल यात त्याचा हात असतो. दाढ दुखत असताना रात्री ती जास्त दुखते, म्हणून दाढ खोटी ठरत नाही. हे त्यांना वाचून दाखवा.

आता गोळीबद्दल. अमिट्रिप्टिलीन हे जुनं डिप्रेशनचं औषध आहे, मेडिकलवाला खोटं बोलला नाही. पण डिप्रेशनसाठी ते साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत जातं. तुम्हाला दिलेले १० मिलिग्रॅम त्या कामाचे नाहीतच. एवढ्या कमी मात्रेत ते नसांचे निरोप मंद करतं आणि आतड्याची घाई थोडी कमी करतं, पातळ होणाऱ्याला ते सोयीचंच. मधुमेहात पाय जळतात तेव्हा किंवा अर्धशिशीला हीच गोळी देतात, तिथे कोणी तिला मनाची गोळी म्हणत नाही. २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये इंग्लंडमधला मोठा अभ्यास आला. साध्या फॅमिली डॉक्टरांकडचे ४६३ आयबीएसचे पेशंट, १० मिलिग्रॅमपासून सुरुवात, गरजेप्रमाणे ३० पर्यंत, सहा महिने. खोट्या गोळीपेक्षा खऱ्या गोळीचा फायदा स्पष्ट दिसला, आणि तो मूड सुधारल्यामुळे नव्हता.

घ्यायची तर नीट घ्या. झोपायच्या एक-दोन तास आधी, रोज. पहिल्या आठवड्यात सकाळी जड वाटतं, तोंड कोरडं पडतं. फायदा दिसायला तीन-चार आठवडे लागतात, आणि बहुतेक लोक दहाव्या दिवशीच ‘काही फरक नाही’ म्हणून सोडतात. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, हृदयाच्या ठोक्यांची गडबड किंवा मूडची दुसरी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. आणखी एक आपल्या भागापुरतं. या गटातली औषधं घाम कमी करू शकतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, त्यात दुपारची गाडी. मात्रा लहान आहे, घाबरायचं कारण नाही, पण पाण्याची बाटली आणि मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेवा. शक्य असेल तर मात्रा वाढवायचं काम पावसाळ्यावर ढकला, असं मी माझ्या पेशंटना सांगतो.

मुख्यतः मलावरोध असलेल्यांनी हे वाचून स्वतःहून ही गोळी सुरू करू नये, त्यांचा मलावरोध वाढतो. त्यांच्यासाठी लिनाक्लोटाइडसारखी औषधं आहेत. ती पोट साफ करतात आणि आतड्याच्या नसांचं दुखणंही वेगळ्या मार्गाने कमी करतात.

मेबेव्हेरीन, डायसायक्लोमीन, ड्रोटाव्हेरीन या मुरड्याच्या गोळ्या आतड्याचा पेटका सोडवतात, रिले वर नेत नाहीत. मोठ्या जेवणाआधी किंवा लांबच्या गाडीआधी घ्यायला हरकत नाही. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूलने पुष्कळांना बरं वाटतं, फक्त ती चावू नका, छातीत जळजळ होते. इसबगोल चमचाभरापासून हळूहळू वाढवा. एकदम दोन मोठे चमचे घेतले की पोट फुगतं आणि मग तेच बदनाम होतं. ट्रामाडॉल या अफूच्या गटातल्या वेदनाशामकापासून मात्र लांब राहा. हे औषध सारखं घेतलं तर काही लोकांत पोटाची संवेदना उलट आणखी वाढते. दुखण्याच्या साध्या लाल-पिवळ्या गोळ्या (डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या) या दुखण्याला लागत नाहीत आणि आतड्याला इजा करतात ती वेगळीच.

जेवणावर खान्देशी माणसाशी बोलताना मी जपून बोलतो. आमच्याकडे ‘तिखट सोडा’ म्हटलं की पेशंट डॉक्टरच सोडतो. मिरचीतलं कॅप्सेसिन नसेवरच्या ज्या ग्राहीवर (संवेदना पकडणाऱ्या रेणूवर) बसतं, तो टीआरपीव्ही१, उष्णता आणि जळजळ ओळखणारा आहे. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांनी तो शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आयबीएसच्या काही पेशंटमध्ये आतड्याच्या खालच्या भागात या ग्राहीच्या नसा जास्त सापडल्या आहेत. त्यामुळे जिभेला सवयीचं असलेलं तिखट आतड्याला आग वाटू शकतं. पण सगळा दोष मिरचीवर टाकायचा मोह होतो, तो आवरा. ढाब्यावरची शेवभाजी उलगडून बघा. वर तरंगणारं तेल. तळाशी वाटलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं आणि काळा मसाला. त्यात बेसनाची शेव. चरबी लहान आतड्यात उतरली की मोठ्या आतड्याची संवेदना आणि घाई दोन्ही वाढतात. कांदा-लसणातले फ्रुक्टन (एक प्रकारचं कर्बोदक) आणि हरभऱ्यातल्या साखरा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात आंबून गॅस करतात. शिवाय मिरची. म्हणजे एका वाटीत चौघंजण एकदम हल्ला करतात.

भरिताचं तसं नाही. वांगं स्वतः बहुतेकांना सोसतं. आपल्या भरितात कांद्याची हिरवी पात असते, ती पांढऱ्या कांद्यापेक्षा पोटाला पुष्कळ सोपी. अडचण तेल, ठेचलेला लसूण आणि मिरचीची. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही. म्हणून लसणाच्या पाकळ्या तेलात तांबूस करून काढून टाका आणि त्या तेलात भरीत परता, वास राहतो आणि त्रास कमी होतो. ज्वारीची भाकरी चालते. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, तेव्हा ती आधी अर्धीच खाऊन बघा. बट्टी गव्हाची आणि तुपात बुडवलेली, दोन खा, पाच नको. केळीबाबत रावेर-यावलचे लोक माझ्यावर रागावतील, पण सालीवर काळे ठिपके आलेलं पिकलेलं केळं आयबीएसच्या पोटाला त्रास देतं आणि किंचित हिरवट, घट्ट केळं सहसा देत नाही. पिकताना त्यात फ्रुक्टन वाढतं.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने या सगळ्याची पद्धतशीर आहारपद्धत बनवली आहे, तिचं नाव लो-फॉडमॅप, म्हणजे आतड्यात आंबणाऱ्या साखरा कमी करायच्या. चार-सहा आठवडे कडक पथ्य, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा. ती उपयोगी आहे, पण मी आमच्याकडे ती पूर्ण क्वचितच देतो. संयुक्त कुटुंबात एकाच्या ताटासाठी वेगळी भाजी रोज कोणी करत नाही, आणि वजन आधीच कमी असलेला माणूस आणखी वाळतो. मी एकावेळी एकच गोष्ट काढतो: पहिले दोन आठवडे दूध, नंतर कच्चा आणि वाटलेला कांदा, नंतर बेसन. फरक पडला नाही तर ती गोष्ट ताटात परत. कायमची बंदी कशावरच नाही. आणि ड्यूटी आहे म्हणून दिवसभर उपाशी राहून रात्री दाबून जेवणं थांबवा, तुमचं निम्मं दुखणं त्या एका सवयीत असेल.

मेंदूच्या मजल्याचं काम गोळीने एकट्याने होत नाही. मँचेस्टरमध्ये १९८४ पासून पोटावर केंद्रित संमोहनाचा उपयोग सिद्ध झालेला आहे, पण जळगाव-धुळ्यात ते शिकलेला माणूस मिळणं कठीण. त्याऐवजी मी साधा श्वास देतो. गाडी सुटायच्या आधी दहा मिनिटं, पोट वर-खाली होईल असा, मिनिटाला साधारण सहा. पहिले काही दिवस मूर्खपणा वाटतो, हे मान्य. आणि दर तासाला पोट चाचपून बघणं बंद करा.

राहिला पुण्याचा प्रश्न. आयबीएसचं निदान नेमकं असतं: गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून निदान एक दिवस दुखणं, संडासशी त्याचा संबंध, वेळा किंवा मलाचं स्वरूप बदललेलं, आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची. तुम्ही यात पूर्ण बसता. एक कोलोनोस्कोपी नीट झाली असेल तर लगेच दुसरी करून नवीन काही हाती येत नाही. त्यापेक्षा राहून गेलेल्या दोन स्वस्त गोष्टी इथेच करा. सीलिअ‍ॅकसाठी (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडण्याचा आजार) टीटीजी ही रक्ताची तपासणी, आणि मलातलं कॅलप्रोटेक्टिन. ते नॉर्मल आलं तर आतड्याला सूज नाही यावर बऱ्यापैकी विसंबता येतं. सोनोग्राफीत लहानसहान गाठी दिसल्या म्हणून पुराव्याशिवाय टीबीच्या गोळ्या, किंवा विडाल टेस्टवरून दर महिन्याला टायफॉईडची सलाईन, यात पडू नका.

मात्र टीबी आपल्याकडे खरोखर आहे. वजन उतरणं, संध्याकाळचा ताप, मलात रक्त, रक्त कमी होणं, झोपेतून उठवणारे जुलाब, घरात आतड्याच्या कॅन्सरचा इतिहास, किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, यातलं काहीही असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि लगेच दाखवा, मग पुणं असो की मुंबई. सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा-यावल-शिरपूर पट्ट्यातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांतल्या वाचकांनी अशा दुखण्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही करून घ्यावी. त्याची पोटदुखी आयबीएस समजून वर्षं जातात. सरकारी दवाखान्यात ती तपासणी होते.

यातलं काही नसेल, तर पुण्याच्या खर्चाऐवजी ती न घेतलेली स्ट्रिप काढा आणि डॉक्टरांना फोन करून आज रात्रीपासून सुरू करू का, एवढं विचारा. महिनाभराने त्यांच्याकडे जाताना रोजचं दुखणं दहापैकी किती, झोप किती तास आणि संडास किती वेळा, हे तीन आकडे वहीत लिहून न्या. मात्रा २० करायची की नाही, ते त्यावरून ठरेल.